ऊन, वळीव आणि टेनिस कोर्ट : सांगली-मिरजेत नव्याने खेळायला येणाऱ्यांसाठी

सांगली-मिरजेकडे टेनिस क्लबात नवी माणसं येतात ती बहुतेक एप्रिलमध्ये. परीक्षा संपतात, उन्हाळी शिबिरांचे फलक लागतात, मुलांना सोडायला आलेले पालकही हळूच रॅकेट हातात घेतात. म्हणजे ज्याच्या अंगाला उन्हात पळायची सवयच नाही, तो नेमका वर्षातल्या सगळ्यात कडक दिवसांत सुरुवात करतो. शिवाय दुपार कलली की वळवाचे ढग उठतात तेही याच दिवसांत. ऊन आणि वीज ही दोन संकटं वेगवेगळी दिसली तरी त्यांचा बंदोबस्त एकाच नियमावर उभा आहे: खेळ थांबवायचा की नाही, हे खेळणाऱ्याला विचारायचं नाही.

याचं कारण साधं आहे. अंग तापलं की सगळ्यात आधी विचार मंदावतो. ज्याला त्रास व्हायला लागलाय तोच माणूस "एवढा सेट संपवू" म्हणतो आणि त्याला ते मनापासून पटलेलं असतं. म्हणून सकाळच्या आणि संध्याकाळच्या प्रत्येक बॅचला एक न खेळणारा माणूस जबाबदार म्हणून ठरवून ठेवा. कोच, एखादे पालक, ऑफिसातले कारकून, कोणीही चालेल. त्याचं नाव फळ्यावर लिहा. त्याने "थांबा" म्हटलं की थांबायचं. समोर क्लबचे अध्यक्ष खेळत असले तरी.

आकडा कोणता पाहायचा

मोबाइलवर दिसणारं ३९ किंवा ४० अंश हे सावलीतल्या हवेचं तापमान असतं. तुम्ही खेळता उन्हात, खाली तापलेला कोर्ट आणि चारी बाजूंनी जाळी. शिवाय घाम वाळतोय की नुसता निथळतोय, हे त्या एका आकड्यातून कळत नाही. टेनिसच्या जगात यासाठी वेट बल्ब ग्लोब टेंपरेचर, म्हणजे डब्ल्यूबीजीटी, हा आकडा वापरतात. ओल्या फडक्यातल्या थर्मामीटरच्या वाचनाला ०.७, काळ्या गोळ्यातल्या थर्मामीटरला ०.२ आणि साध्या हवेच्या तापमानाला ०.१ असं वजन देऊन बेरीज करतात. ओल्या फडक्याला एवढं महत्त्व आहे, कारण माणूस थंड होतो तो घाम वाळल्याने. घाम वाळला नाही तर तो नुसता वाया गेला.

आपल्याकडची दोन उदाहरणं घ्या. एप्रिलमधली कोरडी सकाळ, अकराचा सुमार: हवा ३९, ओलं फडकं २३, काळा गोळा ४८. बेरीज १६.१ अधिक ९.६ अधिक ३.९, म्हणजे २९.६. आता मे महिना, आदल्या संध्याकाळी वळीव पडून गेलाय, सकाळी लख्ख ऊन आलंय, जमिनीतून वाफ निघतेय: हवा फक्त ३३, पण ओलं फडकं २८ आणि गोळा ४५. बेरीज १९.६ अधिक ९ अधिक ३.३, म्हणजे ३१.९. थर्मामीटर सहा अंशांनी खाली आणि धोका मात्र वर. पावसानंतरच्या सकाळी "आज जरा बरंय" म्हणत लोक दोन तास खेळतात, तिथेच फसतात. ऑक्टोबरच्या उन्हातही असंच होतं.

३०.१ आणि ३२.२ हे दोन आकडे पाठ करा. व्यावसायिक टेनिसमध्ये ३०.१ ला दहा मिनिटांची थंड होण्याची सुटी देतात आणि ३२.२ च्या वर गेल्यावर खेळ थांबवतात. ऑस्ट्रेलियन ओपनने २०१९ पासून स्वतःची एक ते पाचची उष्णता-पट्टी आणली. तिच्यात हवेचं तापमान, उन्हाचा तडाखा, दमटपणा आणि वारा असे चार घटक मोजले जातात आणि पाचला पोचलं की खेळ बंद होतो. पण ते खेळाडू वर्षानुवर्षं तयारी केलेले आणि बाजूला डॉक्टर बसलेला. क्लबात आकडे जरा खाली ओढलेले बरे. आमचं मत असं: २८ ला नव्या माणसाची आणि चौदा वर्षांखालच्या मुलांची वेळ निम्मी करायची, ३० ला मुलांचं आणि नव्यांचं खेळणं बंद आणि बाकीच्यांना दर चार गेमनंतर पाच मिनिटं सावली, ३२ ला सगळे कोर्ट रिकामे.

हातात मावणारं डब्ल्यूबीजीटी यंत्र बाजारात मिळतं. क्लबाने नव्या नेटआधी ते घ्यावं. घेतलं की ते कोर्टावरच, उन्हात, कमरेच्या वर उंचीला स्टँडवर ठेवा. ऑफिसच्या खिडकीत ठेवलेलं यंत्र खिडकीचं तापमान सांगतं. चालू केल्यावर काळा गोळा तापायला दहा-पंधरा मिनिटं जातात, तोवर आलेला आकडा धरू नका. खेळ सुरू व्हायच्या आधी एकदा आणि नंतर दर अर्ध्या तासाने वाचून फळ्यावर वेळेसह लिहा.

यंत्र नसेल तर घड्याळावर चाला. एप्रिल-मे मध्ये सूर्योदय साधारण सहाच्या आसपास. मुलांची बॅच सहाला सुरू करून साडेआठला संपवा, मोठ्यांनी साडेनऊला रॅकेट पिशवीत टाकावी. संध्याकाळी साडेपाचच्या आधी सुरुवात नको. हवा दुपारी तीनच्या आसपास सगळ्यात तापते, पण काँक्रीट किंवा डांबरावर अॅक्रिलिकचा थर दिलेला हार्ड कोर्ट दिवसभराची उष्णता धरून ठेवतो आणि सूर्य कलल्यावर ती वर सोडत राहतो. भर उन्हात असा कोर्ट ५५ अंशांच्याही पुढे जातो. हाताची मागची बाजू कोर्टावर टेकवा. पाच सेकंद ठेवता येत नसेल तर बूट घातलेल्या पायालाही तो कोर्ट जड जाणार. मातीचा कोर्ट पाणी मारलेला असेल तर त्यामानाने सुसह्य असतो, म्हणून दोन्ही प्रकार असलेल्या क्लबात संध्याकाळी आधी मातीचा कोर्ट उघडावा.

हवामान खात्याचा इशारा रोज सकाळी पाहायची सवय लावा. जिल्हानिहाय पिवळा, नारिंगी, लाल असे रंग असतात. मैदानी भागात तापमान ४० च्या वर आणि नेहमीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त असेल तेव्हा उष्णतेची लाट धरतात. सांगलीवर नारिंगी इशारा असेल त्या दिवशी स्पर्धेचे सामने दुपारी लावायचे नाहीत, यावर चर्चा नको.

पहिले चौदा दिवस

अंगाला उन्हाची सवय होते, पण ती सात ते चौदा दिवसांत आणि रोज थोडं थोडं केल्यानेच. या काळात शरीर लवकर घाम आणायला शिकतं, घामातलं मीठ कमी होतं, रक्तातलं पाणी वाढतं आणि त्याच श्रमाला नाडी कमी धावते. आठवड्यातून फक्त रविवारी येऊन तीन तास खेळणाऱ्याच्या अंगात यातलं काहीच होत नाही. दर रविवारी त्याचा पहिलाच दिवस असतो.

पहिल्या दोन दिवशी वीस मिनिटं, तीही टोपलीतले बॉल उभ्याने मारण्याची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तीस मिनिटं, मध्ये एकदा सावली. पाचव्यापासून रोज दहा मिनिटं वाढवत आठव्या दिवशी साधारण एक तासावर या. गुण मोजून सामना खेळायचा तो दुसऱ्या आठवड्यात. मधेच आठवडाभर गावाला गेलात, तर आल्यावर तीन-चार दिवस पुन्हा अर्ध्या वेळेने सुरुवात करा. पुण्याहून किंवा एसीच्या ऑफिसातून सुटीला आलेल्या जुन्या खेळाडूलाही हेच लागू. हातातलं तंत्र राहतं, उन्हाची सवय राहत नाही.

ताप, जुलाब किंवा उलट्या झाल्या असतील तर बरं वाटल्यावरही दोन दिवस कोर्टावर येऊ नका. रात्री झोप झाली नसेल किंवा आदल्या रात्री दारू घेतली असेल तर त्या सकाळी फक्त बघायला या. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवतात, काही नाडी वाढू देत नाहीत. सर्दीच्या काही गोळ्यांनी घाम कमी येतो. अशी औषधं चालू असतील तर उन्हात खेळण्याबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारा आणि क्लबाच्या फॉर्मवर तसं लिहा. मधुमेह, हृदयविकार आणि आधी कधी उष्माघात झालेला असणं, हेही लपवू नका.

पाणी : किती, कधी, कसलं

कोर्टावर येऊन पाणी पिणं म्हणजे उशीर झाला. यायच्या दोन तास आधी चारशे-पाचशे मिली, म्हणजे दोन मोठे पेले. सकाळी सहाच्या बॅचसाठी एवढ्या लवकर उठणं होत नसेल तर रात्री झोपताना एक आणि उठल्याबरोबर एक. खेळताना प्रत्येक साइड बदलताना, म्हणजे साधारण दर दोन गेमनंतर, मोठ्यांनी दीडशे-दोनशे मिली आणि मुलांनी शंभरेक मिली घ्यावं. हे ढोबळ माप. खरं माप वजनकाट्यावर कळतं.

खेळायच्या आधी लघवीला जाऊन, कमी कपड्यांत वजन करा. तासभर खेळा, किती प्यायलात ते लक्षात ठेवा, घाम पुसून पुन्हा वजन करा. जेवढं वजन घटलं त्यात प्यायलेलं पाणी मिळवा. एक किलो म्हणजे साधारण एक लिटर घाम. समजा ७० किलोचा माणूस ६९.२ वर आला आणि मध्ये अर्धा लिटर प्यायला, तर तासाला त्याचा १.३ लिटर घाम जातो. वजनातली घट दोन टक्क्यांच्या, म्हणजे इथे १.४ किलोच्या, आत राहिली पाहिजे. त्यापुढे पाय जड होतात, चुका वाढतात आणि अंग झपाट्याने तापतं. आपल्याकडच्या कोरड्या उन्हात घाम लगेच वाळतो, शर्ट कोरडाच दिसतो, म्हणून "मला फार घाम येत नाही" असं कितीतरी जणांना वाटतं. काटा खरं सांगतो. क्लबाच्या चेंजिंग रूममध्ये एक साधा काटा ठेवायला काहीच हरकत नाही.

आणि वजन वाढलं तर? म्हणजे घामापेक्षा जास्त पाणी पोटात गेलं. नुसतं साधं पाणी ढोसत राहिल्याने रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखतं, मळमळतं, बोटं सुजतात, फार झालं तर झटके येतात. दोन तास संथ खेळून सतत बाटली तोंडाला लावणाऱ्या नवख्यांमध्ये हे होऊ शकतं. अशा माणसाला "डिहायड्रेशन झालंय" समजून आणखी पाणी पाजणं घातक आहे. आधी त्याने किती प्यायलं ते विचारा.

तासाभराच्या आतल्या खेळाला साधं पाणी पुरतं. त्याहून जास्त खेळायचं असेल तर मीठ हवं. औषधाच्या दुकानातलं ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यातच विरघळवायचं. अर्धं पाकीट पेल्यात टाकून ढवळलं तर ते गरजेपेक्षा तीव्र होतं आणि मळमळतं. गोड चवीची खोक्यातली पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख बघून घ्या. घरी करायचं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. ताक, कोकम, पन्हं, लिंबू सरबत हे सगळं उत्तम, पण खेळून झाल्यावर. गोड पन्हं सामन्याच्या मध्ये पोटात तसंच राहतं. माठ सावलीत, झाकलेला आणि वगराळ्याचा ठेवा; सगळ्यांनी एकच पेला बुडवायचा नाही. कारखान्यातली बर्फाची लादी अंग थंड करायला लागते, ती पिण्याच्या पाण्यात टाकायची नाही.

लघवीचा रंग लिंबू सरबतासारखा फिका असेल तर ठीक. गडद पिवळा असेल तर आज खेळ नको. चहासारखा लालसर दिसला, तर पाणी पिऊन घरी बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. अतिश्रमाने स्नायू तुटून त्यातला भाग मूत्रपिंडात अडकतो आहे, असा त्याचा अर्थ असू शकतो.

नव्वद सेकंद

साइड बदलताना नव्वद सेकंद मिळतात, सेट संपल्यावर एकशेवीस. ते गप्पांत घालवू नका. सावलीत बसा, टोपी काढा, बर्फाच्या पाण्यातला ओला टॉवेल मानेवर आणि दुसरा मांडीवर टाका, मनगटं आणि कोपरापर्यंत हात ओले करा, मग पाणी प्या. सावली नसेल तर कोर्टाच्या बाजूला मोठी छत्री रोवून खुर्ची तिच्याखाली ठेवा. उघड्या लोखंडी बाकावर ओलं पोतं टाकल्याशिवाय बसू नका. पंखा लावत असाल तर अंग ओलं करून लावा. हवा ३९-४० अंशांची असताना कोरड्या अंगावरचा पंखा भट्टीतली हवाच अंगावर फेकतो.

कपडे फिके, सैल, लवकर वाळणारे. जाड सुती टी-शर्ट घामाने जड होतो. दोन जास्तीचे ठेवा आणि सेटनंतर बदला. गोल काठाची टोपी. सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा त्यावर, बाहेर पडायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी, आणि दर दोन तासांनी पुन्हा. कान आणि मानेची मागची बाजू हमखास राहते.

मार्कर, बॉलबॉय आणि माळी

हा भाग वगळून चालणार नाही. सभासद एक तास खेळून घरी जातो. त्याच्याशी खेळणारा मार्कर, म्हणजे क्लबाने सरावासाठी ठेवलेला खेळाडू, त्या दिवशी तिसऱ्या माणसाबरोबर खेळत असतो, बॉल आणून देणारी मुलं तेवढाच वेळ उन्हात असतात, आणि रोलर फिरवणारा माळी तर दुपारीही. "बसतो जरा" म्हणायची त्यांना भीड वाटते. म्हणून नियम कागदावर हवा: मार्करचे सलग दोन तासांपेक्षा जास्त खेळ नाहीत, मध्ये किमान अर्धा तास सावली, बॉलबॉय अर्ध्या तासाने बदलायचे, रोलर, चुना आणि पाणी मारणं सकाळी आठच्या आत. त्यांच्यासाठी टोपी आणि ओआरएस क्लबाच्या खर्चाने. सभासदाने वेळ वाढवून मागितली तर नकार मार्करने द्यायचा नाही. तो त्या दिवशीच्या जबाबदार माणसाने द्यायचा.

कोणी कोसळलं तर

पायात गोळे आले तर खेळ थांबवा, सावलीत ताण द्या, ओआरएस घोटघोट प्या. त्या दिवशी पुन्हा कोर्टावर नाही. उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन बसला, पण शुद्ध साफ आहे, तर आडवं करून पाय उंचावर ठेवा. काही मिनिटांत तरतरी येते. खूप थकवा, मळमळ, डोकेदुखी, पण बोलणं नीट, तर सावली, ओले टॉवेल, पाणी आणि अर्धा तास नजर. तेवढ्यात सुधारला नाही तर दवाखाना.

उष्माघात वेगळा. त्याची खूण म्हणजे डोकं फिरणं: स्कोअर चुकतो, चुकीच्या बाजूला जाऊन उभा राहतो, विनाकारण चिडतो, शब्द अडखळतात, तोल जातो, मग कोसळतो. "अंग कोरडं पडलं तरच उष्माघात" ही समजूत चुकीची आहे. खेळताना होणाऱ्या उष्माघातात माणूस घामाने चिंब असू शकतो. काखेतला किंवा कपाळावरचा थर्मामीटर अशा वेळी खोटा कमी आकडा दाखवतो, त्यावर विसंबू नका. उन्हात खेळणारा माणूस गोंधळलेला दिसला किंवा कोसळला, की उष्माघातच धरून चला. उगाच थंड पाण्यात घातलं म्हणून फारसं बिघडत नाही. उशीर झाला तर जीव जातो.

आणि इथेच आपल्याकडे एक खास चूक होते. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, सांगलीचं सिव्हिलही जवळ; म्हणून माणूस पडला की चौघं उचलतात, गाडीत घालतात आणि निघतात. वाटेत सिग्नल, रेल्वे फाटक, बाजाराची गर्दी, मग केसपेपर. तोवर तो आतून चाळीस अंशांवर शिजत असतो. आधी थंड करायचं, मग हलवायचं. कोसळल्यापासून तीस मिनिटांच्या आत अंग उतरलं तर वाचण्याची शक्यता फार मोठी असते.

१. एकाने १०८ ला फोन लावायचा: "उष्माघात, बेशुद्ध किंवा बरळतोय, टेनिस क्लब, अमुक रस्ता, अमुक गेट." दुसऱ्याने गेट उघडून रस्त्यावर उभं राहायचं. गेटची किल्ली कुठे असते, हे रोज येणाऱ्या सगळ्यांना माहीत हवं.

२. सावलीत घ्या. बूट, मोजे, शर्ट काढा.

३. जाड ताडपत्री, साधारण आठ बाय दहा फुटांची, त्याच्या खाली सरकवा. पाच-सहा जणांनी कडा धरून वर उचलायच्या, म्हणजे मधे हौद तयार होतो. डोक्याच्या बाजूला एक माणूस फक्त डोकं पाण्याच्या वर धरायला.

४. नळीने किंवा बादल्यांनी पाणी ओता, छाती-पोट बुडेल इतकं. शंभर-दीडशे लिटर लागतं. वर फोडलेला बर्फ, वीस-तीस किलो. ताडपत्री हळूहळू हलवत राहा, नाहीतर अंगाभोवतीचं पाणी कोमट होऊन बसतं. बर्फ नसला तर साध्या पाण्यानेच सुरू करा, बर्फाची वाट पाहू नका.

५. दहा ते पंधरा मिनिटं. तो नीट बोलायला लागला किंवा जोरात कुडकुडायला लागला की बाहेर काढा, पुसा, कुशीवर झोपवा.

६. पूर्ण शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, ना पाणी, ना साखर, ना कांद्याचा रस. पॅरासिटामॉल किंवा अॅस्पिरिन देऊ नका. हा ताप जंतूंचा नाही, त्यामुळे गोळीने उतरत नाही आणि यकृत-मूत्रपिंडांवर भार तेवढा पडतो. उलटी आली तर कुशीवर वळवा. श्वास थांबला तर सगळं सोडून छाती दाबायला लागा, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा.

शुद्धीवर येऊन "बरंय आता" म्हणाला तरी रुग्णालयात न्यायचंच. यकृताची आणि मूत्रपिंडाची हानी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसते.

ताडपत्री, चार बादल्या, कोर्टापर्यंत पोचणारी नळी आणि बर्फाने भरलेला थर्मोकोलचा डबा, एवढं मार्च ते जून रोज सकाळी एका जागी असलं पाहिजे. शिबिराच्या पहिल्या दिवशी एकदा कोणाला तरी ताडपत्रीत झोपवून रंगीत तालीम करा. पहिल्या वेळी कडा हातातून सुटतात, पाणी पायाकडे धावतं, डोकं कोण धरणार ते ठरत नाही. हे तालमीतच होऊ दे.

वळीव

सकाळपासून उकाडा, दुपारी एका बाजूला कोबीच्या गड्ड्यासारखे ढग, चारनंतर अंधारून येतं, धुळीचा लोट आणि पाठोपाठ अंगाला बरा वाटणारा गार वारा. तो गार वारा म्हणजे वादळ पोचल्याची वर्दी. दिवसभर भाजलेला माणूस नेमका तेव्हाच खुशीत येऊन "आता मस्त खेळता येईल" म्हणतो. पाऊस सुरू व्हायच्या आधीच वीज पडू शकते, ढगापासून दहा किलोमीटर दूरही.

विजेचा लखलखाट आणि गडगडाट यांत जेवढे सेकंद जातात त्यांना तीनने भागा. तेवढे किलोमीटर अंतर. तीस सेकंद म्हणजे दहा किलोमीटर, म्हणजे तुम्ही तिच्या टप्प्यात. पण खरं तर मोजत बसू नका. गडगडाट ऐकू आला की कोर्ट रिकामा. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं घड्याळ लावून थांबायचं. मधे पुन्हा वाजलं की तीस मिनिटं पुन्हा पहिल्यापासून. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी अॅप आसपासच्या वीस-चाळीस किलोमीटरमधल्या विजा दाखवतं. जबाबदार माणसाने एप्रिल ते जून दुपारी तीनपासून ते बघत राहावं. अॅप शांत असलं आणि कानाला गडगडाट आला, तर कानाचं ऐका.

जायचं कुठे, हे आधीच ठरवा. पक्क्या भिंतींची, वायरिंग आणि नळ असलेली इमारत सुरक्षित. आत गेल्यावर नळ, खिडकीचे गज आणि चार्जिंगला लावलेला फोन यांना हात लावायचा नाही. काचा बंद केलेली चारचाकीही चालते. पत्र्याची उघडी शेड, प्रेक्षकांचा मांडव, पंचाची उंच खुर्ची, चिंचेचं किंवा नारळाचं झाड, दुचाकी, यातलं काहीही नाही. पत्र्याच्या शेडमध्ये पावसापासून आडोसा मिळतो म्हणून सगळे तिथेच गोळा होतात. क्लबातली ही सगळ्यात जुनी आणि सगळ्यात वाईट सवय. जाळीचं कुंपण आणि दिव्यांचे खांब यांच्यापासून दूर राहून बाहेर पडा. बॉल वेचू नका, नेट सोडवू नका, रॅकेट पडली असेल तर पडू दे.

पालकांना मोसमाच्या सुरुवातीलाच सांगून ठेवा: गडगडाट चालू असताना मूल सायकलवर किंवा चालत घरी पाठवलं जाणार नाही, ते इमारतीतच बसेल. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज राहत नाही. त्याला लगेच हात लावता येतो, आणि हृदय थांबलं असेल तर त्याच क्षणी छाती दाबायला सुरुवात करावी लागते.

वारा, ओला कोर्ट, दिवे

कुंपणाला लावलेली हिरवी शेडनेट वळवाच्या वाऱ्यात शिडासारखी फुगते. जाड तारेने आवळून बांधली असेल तर ती फाटत नाही, अख्खं कुंपण खांबासकट आडवं होतं. म्हणून बारीक प्लॅस्टिक टायने, दर दीड फुटावर बांधा, म्हणजे जोर आला की टाय तुटतात आणि खांब वाचतात. खालून फूटभर जागा मोकळी ठेवा. उन्हाळ्यात कोर्टावर जी काही झुळूक येते ती तिथूनच. एप्रिलमध्ये वाऱ्याच्या बाजूची शेडनेट गुंडाळूनच ठेवली तरी चालेल.

पावसानंतर हार्ड कोर्ट दिसायला वाळतो, पण पांढऱ्या रेषा आणि भिंतीच्या सावलीतला पट्टा ओला राहतो. बुटाचा तळवा दाबून फिरवून बघा; सरकला तर अजून अर्धा तास. वायपरने पाणी रेषेकडून बाहेर ढकला. सावलीच्या बाजूला हिरवं शेवाळ धरलं असेल तर ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. मातीच्या कोर्टात बुटाचा ठसा खोल उमटत असेल तर कोणालाही आत सोडू नका. डबक्यावर कोरडी माती टाकायचा मोह होतो. तिथे पुढच्या आठवड्यात ढेकूळ होतं आणि त्यावर घोटा मुरगळतो. स्पंजने पाणी टिपा, ओलसर असताना रोलर फिरवा.

दिव्यांच्या सर्किटला ३० मिलीअॅम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज आपोआप तोडणारा खटका, हवाच. त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा, खटका पडला नाही तर त्या दिवशी दिवे लावू नका. जूनच्या आधी वायरमनकडून खांबांचं अर्थिंग तपासून घ्या. पावसात उघड्या पायाने कोणी खांबाजवळ जायचं नाही, आणि लहान मुलांना हे पुन्हा पुन्हा सांगायचं.

नदीकाठच्या सखल भागातल्या क्लबांसाठी जुलै-ऑगस्टचं एक काम उरतं. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. पातळी ३५ च्या पुढे चढायला लागली आणि कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी आली, की नेट, पाण्याची मोटर, बॉलचे डबे आणि क्लबाची कागदपत्रं वरच्या मजल्यावर न्या, मेन स्विच बंद करा आणि रखवालदाराला कुटुंबासह आधी हलवा. पाणी ओसरल्यावर गाळ ओला असतानाच फावड्याने काढायचा. वाळला की तो कोर्टाच्या थराला चिकटतो आणि खरवडताना रंगासकट निघतो.